शिकणाऱ्याचा आनंद



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘शिकणाऱ्याचा आनंद’ असे सांगितले. त्यांना थोडे नवल वाटले. कामगार संघटनेचा माणूस म्हणजे बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती रास्तच होती. परंतु माझा विषय त्यांपासून दूरचा नाही. ज्याला शिकता येते, त्यालाच पगारपत्रकातील वजावट कळते. त्यालाच नव्या यंत्रावर उभे राहता येते. तोच सभेत उठून दोन शब्द बोलतो. ज्याची शिकण्याची वाट बंद झाली, त्याची बाकीची दारेही एकामागून एक बंद होत जातात. ही वाट गरिबीने बंद होते, हे आपण सर्व जाणतो. ती भीतीनेही तितकीच बंद होते, हे मात्र आपण पुरेसे ध्यानात घेत नाही.

मी विद्वान नव्हे. माझी शाळा आठवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वाचलेले थोडे आणि पाहिलेले थोडे, असे आपल्यापुढे ठेवतो. पटेल तेवढे घ्यावे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. आनंद हा शिक्षणाच्या कडू गोळीवर लावलेला साखरेचा लेप नव्हे; शिकण्याची क्रिया ज्याच्या बळावर चालते, ते तेल-वंगण तो आहे. वंगणावाचूनही यंत्र काही काळ फिरते, पण ते कसे फिरते आणि किती दिवस फिरते, हे कारखान्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही तर छडीच्या धाकानेच शिकलो, आणि पाढे आजही तोंडपाठ आहेत.” हा आक्षेप खोटा नाही. भीतीने माणूस काही गोष्टी पक्क्या शिकतो. विजेच्या उघड्या तारेला ज्याचा एकदा हात लागला, तो ती तार जन्मभर विसरत नाही. प्रश्न असा आहे की, भीती कोणत्या गोष्टी शिकवते आणि कोणत्या शिकू देत नाही?

या बाबतीत एक फार जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९०८ साली अमेरिकेतील यर्कीस आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन वाटांतील पांढरी वाट निवडायला शिकविले. काळ्या वाटेने गेल्यास विजेचा झटका बसे. दोन वाटांतला फरक ठळक होता, तेव्हा झटका जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकले. छडीवाल्या गुरुजींना आनंद व्हावा असाच हा निकाल! परंतु पुढे त्यांनी दोन्ही वाटांतला उजेड असा ठेवला की फरक ओळखणे कठीण जावे. तेव्हा चित्र पालटले. जोराच्या झटक्याने उंदीर मागे पडले. सौम्य झटक्याने ते अधिक लवकर शिकले. काम जितके अवघड, तितका कमी धाक उपयोगी पडला.

उंदरावरून माणसाची पारख करू नये, हे मला मान्य आहे. परंतु कारखान्यात मी हेच पाहिले आहे. “हे पोते तिथे टाक” हे काम ओरडून करून घेता येते. ड्रॉइंग वाचून शंभरावा भाग मिलिमीटरपर्यंत माप जुळविणे, हे ओरडून शिकविता येत नाही. ज्याच्या मागे सुपरवायझर शिव्या देत उभा आहे, त्याचे निम्मे लक्ष मायक्रोमीटरवर आणि निम्मे आपल्या पाठीवर असते. शिकण्यासाठी जे मन मोकळे हवे, ते पहाऱ्यावर बसलेले असते. पाढे धाकाने पाठ होतील, परंतु आठ टक्के आणि बारा टक्के यांतला फरक माझ्या संसारात किती रुपयांचा पडतो, हा विचार धाकाने सुचत नाही. शिवाय धाकाने शिकलेल्याला विषयाबरोबर धाकही पाठ होतो. गणिताचे पुस्तक दिसले की चाळिशीतला माणूसही अंग चोरतो, ते त्यामुळेच.

आता याची दुसरी बाजू पाहू. मनात कुतूहल असले म्हणजे काय होते? २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ग्रूबर, गेलमन आणि रंगनाथ या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन प्रत्येक प्रश्नाचे उत्तर जाणण्याची त्यांना किती उत्सुकता आहे, ते विचारले. मग प्रश्न दाखवून काही सेकंद थांबविले, त्या अवधीत एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखविला आणि नंतर उत्तर सांगितले. ज्या प्रश्नांबद्दल उत्सुकता अधिक होती, त्यांची उत्तरे लोकांच्या अधिक ध्यानात राहिली. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. त्या उत्सुकतेच्या क्षणी दिसलेला चेहरा, ज्याचा उत्तराशी काही एक संबंध नव्हता, तोही अधिक चांगला ध्यानात राहिला! मेंदूचे चित्रण केले, तेव्हा बक्षीस मिळण्याच्या आशेने जे भाग जागे होतात, तेच भाग या उत्सुकतेनेही जागे झालेले दिसले, आणि स्मरणाचे काम करणाऱ्या भागाशी त्यांची देवघेव वाढलेली आढळली. म्हणजे जाणण्याची ओढ ही मनाची एक खिडकी उघडते, आणि उघड्या खिडकीतून शेजारचा वाराही आत येतो.

परंतु आनंद म्हणजे काय, हे एकदा नीट ठरविले पाहिजे. नाही तर घोटाळा होतो. आनंद म्हणजे वर्गात विनोद सांगणे नव्हे, आणि प्रौढ माणसांच्या हाती रंगीत चित्रांची बालपुस्तके देणेही नव्हे. शिकणाऱ्याला आनंद कशाचा होतो, हे मला एका परदेशी हकिगतीत फार स्पष्ट दिसले. ही हकिगत कामगार चळवळीतील आहे, म्हणून ती मला आपली वाटते.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९३२ साली माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट या दोन तरुणांनी ‘हायलँडर फोक स्कूल’ नावाची शाळा काढली. हॉर्टन यांनी डेन्मार्कमध्ये जाऊन तेथील शेतकऱ्यांच्या लोकशाळा पाहिल्या होत्या. हायलँडरमध्ये खाणीतील, गिरण्यांतील कामगार येत, एकत्र राहत, आपापल्या संपांचे अनुभव सांगत आणि त्यांतून शिकत. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. हॉर्टन यांच्या पत्नी झिल्फिया गाण्याची बाजू सांभाळीत. संपावरील कामगारांची गाणी त्या गोळा करीत आणि सर्वांकडून म्हणवून घेत. गाणे हा तिथे कार्यक्रमाच्या शेवटचा विरंगुळा नव्हता; कधी चार माणसांत न बोललेल्या माणसाचा आवाज तिथे प्रथम गाण्यातून फुटत असे.

दक्षिण कॅरोलिना राज्यात जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तेथील काळ्या लोकांना मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. लिहितावाचता न येणाऱ्याला मत नाही, आणि शाळा तर धड मिळालेली नाही, असा हा दुहेरी फास होता. ईसॉ जेन्किन्स हे तिथले पुढारी. बेटावरील लोकांना कामासाठी शहरात नेणारी त्यांची बस होती, आणि त्या बसच्या प्रवासातच ते लोकांना घटनेचा उतारा समजावून देत. एका बाईंनी तर तो नुसता ऐकून तोंडपाठ केला. परंतु पाठ म्हणण्याने त्यांचे समाधान होईना. त्यांना वाचायला शिकायचे होते.

प्रौढांसाठी वर्ग पूर्वीही निघाले होते, आणि ओस पडले होते. का? मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर बसवीत. गुडघे बाकात मावत नसत, मुले हसत. हातात बालवाचन. दिवसभर शेतात राबून आलेला माणूस रात्री असा अपमान करून घ्यायला कशाला येईल?

जेन्किन्स आणि सेप्टिमा क्लार्क यांनी हायलँडरच्या मदतीने १९५७ च्या जानेवारीत नवा वर्ग सुरू केला. जागा होती सहकारी दुकानाच्या मागच्या खोल्यांची. शिकविण्यासाठी त्यांनी मुद्दामच शिक्षक आणला नाही. बर्नीस रॉबिन्सन या केशरचनेचा आणि शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या बाई होत्या, त्यांना आणले. त्यांनी पहिल्याच दिवशी लोकांना विचारले, तुम्हांला काय शिकायचे आहे? कोणाला स्वतःचे नाव लिहायचे होते, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला दुकानाच्या मालसूचीवरून टपालाने वस्तू मागविण्याचा अर्ज भरायचा होता, कोणाला मनीऑर्डर करायची होती. तोच त्यांचा अभ्यासक्रम झाला. बरोबर आणलेली मुलांची पुस्तके बाजूला पडली. भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला, आणि वर्ग संपेपर्यंत तो सर्वांना वाचता यावा असे ठरविले. १४ माणसांचा हा वर्ग. फळ्यावर सर्वांची नावे लिहिलेली असताना त्यांतून आपले नाव एका वयस्क बाईने शोधून त्यावर पट्टी ठेवली, तो क्षण त्या वर्गाच्या इतिहासात नोंदलेला आहे. पुढे त्या वर्गातील माणसांनी उतारा वाचून मतदार म्हणून नावे नोंदविली. या वर्गांचे लोण आसपासच्या बेटांवर आणि मग दक्षिणेतील राज्याराज्यांत पसरले. १९६१ साली हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हाती घेतले, आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याने त्या राज्यांतील साक्षरतेची परीक्षाच स्थगित झाली.

बंधूंनो, या वर्गात आनंदाची सामग्री कोणती होती? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विषय शिकणाऱ्याच्या स्वतःच्या गरजेचा होता. दुसरी, कोणी कोणाला हसत नव्हते. तिसरी, दर दिवशी काही ना काही हाताला लागत होते. काल जे जमत नव्हते ते आज जमत होते. स्वतःची गरज, स्वतःचा मान आणि ‘जमले’ हा अनुभव, या तिन्ही मिळून जो होतो त्याला मी शिकणाऱ्याचा आनंद म्हणतो. मग तो सातव्या वर्षी होवो की सत्तराव्या.

हे आपल्या मातीत नव्हते असे नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घरी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर कष्ट करणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी. गाडगेबाबांचे कीर्तन आठवा. बाबा नुसते सांगत नसत, विचारीत. कर्जाबद्दल, नवसाच्या बकऱ्याबद्दल, दारूबद्दल साधा प्रश्न टाकायचा आणि समोरच्या हजारो माणसांकडून उत्तर काढून घ्यायचे. माणसे हसत आणि हसता हसता अंतर्मुख होत. कीर्तनकाराच्या हाती हजेरीपट नसतो. ऐकणारा उठून जाण्यास मोकळा असतो. तरीही तो बसतो, याचा अर्थ त्याला काही मिळते आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही याच विश्वासावर. आज आपण उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे बसला आहात ते काही नापास होण्याच्या भीतीने नव्हे!

आता माझ्या रोजच्या कामातले सांगतो. आमच्या युनियनच्या कचेरीत दर आठवड्याला एक बैठक भरते. तिला आम्ही वर्ग म्हणत नाही, कारण वर्ग म्हटले की निम्मी माणसे येत नाहीत. एकदा पॅकिंग खात्यातील कंत्राटी बायका आल्या होत्या. पगारपत्रक समजून घ्यायचे होते. त्यांतील एक बाई सुरुवातीलाच म्हणाल्या, “भाऊ, माझं डोकं गणिताचं नाही. शाळेत त्यापायी लई मार खाल्लाय.” मी म्हटले, “ताई, गणित राहू द्या. बाजारात वांगी पाव किलो घेतली तर पैसे किती द्यायचे, हे कोणाला विचारता का?” त्या हसल्या. मग शंभर रुपयांतून बारा रुपये प्रॉव्हिडंट फंडाचे, तर हजारातून किती, असे करीत आम्ही मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बारा टक्क्यांपर्यंत आलो. तासाभराने त्याच बाईंनी आपल्या पत्रकावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “भाऊ, हे चुकलंय. ह्यांनी जास्त कापलेत.” खरोखरच जास्त कापले होते. पुढच्या बैठकीला त्या स्वतः शेजारणीचे पत्रक समजावून देत होत्या. डोके गणिताचे नाही म्हणणाऱ्या त्या बाईंचे डोके तेच होते. त्यावरचा पहारा तेवढा उठला होता.

परंतु जिथे हा पहारा उठत नाही तिथे काय होते, तेही सांगितले पाहिजे. एका कारखान्यात, नाव घेत नाही, एक तरुण मुलगा पॉवर प्रेसवर लागला. प्रेस म्हणजे वरून घण खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. तिथे हाताच्या रक्षणासाठी गार्ड असावा लागतो. उत्पादन वाढावे म्हणून तो काढून ठेवलेला होता. त्या मुलाला अर्धी पाळी काम दाखविले आणि उभे केले. शेजारच्या प्रेसवर गार्ड आहे आणि आपल्या प्रेसवर नाही, हे त्याने पाहिले होते. परंतु त्या खात्यात प्रश्न विचारणाऱ्याची चारचौघांत टवाळी होई, “एवढंही कळत नाही तर आलास कशाला?” असे ऐकावे लागे. त्याने विचारले नाही. पंधराव्या दिवशी त्याची दोन बोटे गेली. धोक्याच्या यंत्रावर अल्पवयीन कामगाराला धोका पूर्ण समजावून दिल्याखेरीज लावू नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेले होते. पण ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची मुभा नसेल, तर समजावून दिले याला अर्थ काय? मंडळी, आनंदाने शिकणे ही चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या मुलाचा हात पाहावा.

या संदर्भात एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषींचे एक काम मला फार मोलाचे वाटते. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास करीत होत्या. जिथे सहकाऱ्यांचे संबंध चांगले तिथे चुका कमी, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या विभागांत चुका अधिक! खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. जिथे दरारा होता तिथे चुका झाकल्या जात होत्या. झाकलेल्या चुकीतून कोणी काही शिकत नाही, आणि ती पुन्हा होते.

एक शंका अजून उरते. आनंद, आनंद म्हणता, मग कष्टांचे काय? घोकंपट्टी, सराव, घाम यांवाचून कोणती विद्या आली आहे? हे अगदी खरे. मीही मायक्रोमीटर एका दिवसात शिकलो नाही. त्याचा एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. तो हाताला कळायला महिने लागतात. परंतु ज्या वृद्ध टर्नरने मला शिकविले, ते पहिल्यांदा स्वतः मोजीत, आकडा झाकून ठेवीत, मग मला मोजायला लावीत आणि दोन्ही आकडे ताडून पाहत. ती आमच्यातील एक पैजच असे. त्या पैजेपायी मी जेवणाची सुट्टीही विसरत असे. आनंदाने कष्ट कमी होत नाहीत. कष्ट सोसण्याचे बळ वाढते. वारकरी शेकडो मैल पायी चालतो, तेव्हा त्याचे पाय दुखत नाहीत असे थोडेच आहे!

आणि आनंद म्हणजे बक्षीसही नव्हे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवर्गातील मुलांपैकी काहींना आधीच सांगून ठेवले की, चित्र काढाल तर प्रमाणपत्र देऊ. मुलांनी चित्रे काढली, प्रमाणपत्रे घेतली, आणि पुढे मोकळ्या वेळात तीच मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. स्वतःच्या आनंदाचे काम त्यांच्या लेखी मजुरीचे झाले. मजुरी कामाला हवीच, तिच्यासाठी तर आमची संघटना आहे. परंतु शिकण्याची गोडी मजुरीवर विकत मिळत नाही.

मग आपण करावे काय? मोठ्या योजना मी सांगत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना बंदी केली आहे. छडी गेली, परंतु “तुला काही येणार नाही” हे वाक्य अजून घराघरांत आहे. ते आपल्या तोंडून जाऊ नये, एवढे आई-बापांनी पाहावे. कारखानदारांना माझे सांगणे असे की, नवे यंत्र आणाल त्या दिवशी कामगाराला पगारी वेळात ते शिकू द्या, आणि त्याला प्रश्न विचारू द्या. यंत्राच्या किमतीपुढे त्या तासांची किंमत काहीच नाही. आणि माझ्या कामगार बांधवांना सांगणे असे की, नव्या पोराला हसू नका. आपल्यालाही कोणी तरी हात धरून शिकविले आहे. जुन्याने नव्याला शिकविणे, ही संघटनेची वर्गणी पैशांत न मोजता येणारी आहे.

भाकरीचा हक्क आपण मागतो, विश्रांतीचा मागतो. न भिता शिकण्याचा आणि शिकताना आनंद होण्याचा हक्कही त्याच यादीत आहे, असे मी मानतो. आपण इतका वेळ शांतपणे ऐकलेत, आता आपण विचारावे आणि मी ऐकावे. कोणाला प्रश्न विचारायचा असेल तर अवश्य विचारा. प्रश्न किती लहान आहे याचा संकोच करू नका. चिटणीस वेळ देतील अशी आशा बाळगतो.